दहावी सूचक

मांडवगण फराटा,
२० एप्रिल २०२४

प्रिय सुषमे,

सतरा वर्षांनी लिहितेय. आम्ही इकडे खुशाल आहोत. कांदा काढून झाला. ऊन मरणाचं आहे, आणि प्रचाराच्या धावपळीत तू पोटाला काही खातेस की नाही, देव जाणे.

अगं, खासदारकी! करिश्मानं सांगितलं तेव्हा मी कणीक मळायची टाकून अंगणात आले, नाचायचीच बाकी राहिले. माझी ही लेक दिवसभर तुझ्यासोबत फिरते आणि घरी आली की तुझीच भाषणं मला ऐकवते. आपल्या पंचक्रोशीतली बाई लोकसभेला उभी राहिल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. वरवंडच्या शाळेत मास्तरांनाच उलट प्रश्न विचारणारी तू, आता दिल्लीत कालव्याच्या पाण्याचा जाब विचारणार! मी तर भेटेल त्या बाईला सांगत सुटलेय, आमच्या बाकावरची आहे ती.

तू अपक्ष, म्हणून अर्जावर दहा सूचकांच्या सह्या लागतात. नऊ झाल्यात आणि दहावा काल कुणाच्या तरी दबावानं मागे सरला, असं करिश्मा म्हणाली. गुरुवार शेवटचा दिवस. दहावी मी व्हायला तयार आहे.

पण त्याआधी एक सांगायचंय. दोनदा फोन लावला आणि तुझा आवाज ऐकून ठेवून दिला.

पंचायत समितीच्या वेळी तुझी सूचक मीच होते. छाननीला मीच लिहून दिलं की अर्जावरची सही माझी नाही, आणि तुझा अर्ज बाद झाला. तू गाव सोडून शिरूरला राहायला गेलीस. आमच्या ह्यांनी मला दम दिला, असं तू समजलीस. अजून त्यांच्याशी बोलत नाहीस. मीही तुला तसंच समजू दिलं.

दम कुणी दिला नव्हता, सुषमे. आदल्या दिवशी हे एवढंच म्हणाले होते, "सही तुझी हाय, तुझं तू बघ. म्या मधी पडत न्हाई."

जे केलं ते मी केलं. मला तुझा हेवा वाटला. मोठ्या घराण्यातली मी चूल फुंकत बसणार आणि मेंढरांमागं फिरलेल्या घरातली तू पंचायत समितीत खुर्चीवर बसणार, हे मला सोसवलं नाही. लिहिताना लाज वाटते, पण खरं हेच आहे.

हे वाचून माझी सही नकोशी वाटली तर मला राग येणार नाही. मत तुलाच देईन, बायकाही गोळा करीन. हवी असेल तर गुरुवारी सकाळी दहाला कचेरीच्या दारात मी उभी असेन. छाननीलाही येईन, कुणी हरकत घेतली तर साहेबांसमोर तोंडानं सांगायला.

अर्जात भरावं लागतं, म्हणून मतदार यादीतल्याप्रमाणे नाव लिहिते.

तुझी,
सुलक्षणा दत्तात्रय फराटे
यादी भाग ११२, अनुक्रमांक ४०७