अर्धवट पाठ

क्योतो, ९ नोव्हेंबर १९६३

प्रिय तोकुझोदादास,

शिन्पेइचा नमस्कार. वहिनींचं मुळ्याचं लोणचं पोचलं, स्टुडिओतल्या मंडळींनी दोन दिवसांत फस्त केलं. त्यांचा खोकला आता कसा आहे? मी ठीक. म्हणजे हातपाय धड आहेत.

आमचा गुंडांचा सिनेमा लागला. पडेलच, असं सगळे म्हणत होते, पण चांगला चाललाय. माझं काम तू जाणतोसच, सकाळी नटांच्या पाठीवर गोंदण रंगवायचं, संध्याकाळी पुसायचं. यात एक भित्रा खलनायक आहे. दिग्दर्शक म्हणाले, "याची पाठ वेगळी काढ रे. तेच तेच ड्रॅगन बघून कंटाळा आला."

तेव्हा मला तू कामाला आहेस त्या सार्वजनिक न्हाणीघरातले इवामुरासाहेब आठवले, तुमच्या गावच्या गुंडटोळीचे म्होरके. दुपारी, गिऱ्हाईक यायच्या आधी, एकटे येतात आणि तुझ्याकडूनच पाठ चोळून घेतात ते. पाठीवर दोन मासे गोंदलेले, उजव्याला मिशी एकच आणि डावीकडचा नुसत्या रेघांचा, सुई सोसेना म्हणून अर्ध्यावर उठले! उन्हाळ्यात सांगितलंस तेव्हा किती हसलो आपण. "कुठं बोलू नकोस हं," म्हणालास.

बोललो नाही रे. पण त्या खलनायकाच्या पाठीवर तीच पाठ रंगवली. थिएटरात तो नट सदरा काढतो आणि लोक पोट धरून हसतात. तुमच्या गावातही लागलाय म्हणे.

काल दुपारी दोघे आले. अगदी अदबीनं बोलत होते.

"ही पाठ कुणाची?"

"मनानं काढली," मी म्हणालो.

"असं होय! उजव्या माशाला मिशी एकच. तीही मनानंच?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ते गेले.

दादा, वर खोटं लिहिलं. वेळबिळ काही मारून नेली नाही. मी तुझं नाव सांगितलं. न्हाणीघराचं सांगितलं, घराचा पत्ताही दिला. त्यांनी मला बोटही लावलं नव्हतं रे! एकानं माझ्यासाठी चहा ओतला, तेवढ्यातच मी सगळं ओकलो. जाताना वाकून नमस्कार करून म्हणाले, "मंगळवारी भेटून घेतो त्यांना."

तार केली नाही, तारेतलं अख्ख्या गल्लीला कळतं. जलद टपालानं हे सोमवारी पोचेल. वाचलंस की वहिनींना आणि पोरीला घेऊन नीघ. सामान बांधत बसू नकोस. न्हाणीघराच्या मालकांनाही सांगू नकोस.

आणि कुठं गेलास ते मला कळवू नकोस. कधीच नको. ते परत येतील, विचारतील, आणि मी सांगेन.

तुझाच,
शिन्पेइ