समासातली ओळ

चांदा, शुक्रवार, २३ नोव्हेंबर १९५६

आज लालसू कचेरीत आला होता, भामरागडपलीकडच्या पाड्यावरून. पावसाळ्यात त्याची लेक जुरी हिवतापानं गेली. गोळ्या पोचल्याच नाहीत.

उन्हाळ्यात तापाच्या मोजणीला मी गेलो, तेव्हा सगळा पाडा मोहफुलं वेचायला गेलेला. नियम असा की घरात सापडेल तेवढंच माणूस मोजायचं. रकान्यात शून्य लिहिलं. परतताना सगळे मोहाखाली भेटले. जुरी घोंगडी पांघरून कुडकुडत होती, तरी ओंजळभर फुलं माझ्या पिशवीत टाकलीच तिनं. राहवेना, म्हणून कागदाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'माणसं मोहाखाली आहेत, ताप पुष्कळ.'

पण नागपूरच्या यंत्राच्या कार्डावर फक्त रकान्यातल्या आकड्यांची भोकं पडतात. समासाला भोक कुठलं? माणसानं मोजायचं, गोळ्यांसाठी गावं यंत्रानं निवडायची, अशी साहेबांची वाटणी. मलाही बरी वाटली होती, डोकेफोड वाचली म्हणून! यंत्रानं पाडा बिनतापाच्या गठ्ठ्यात टाकला.

"बाबू, तू त तिले पाह्यलं होतं नं? मंग काऊन नाई लिवलं?"

लिवलं होतं रे. पण हे कोणत्या तोंडानं सांगू?

आणि यंत्राला तरी काय बोल लावू? यंत्राची यादी छापून आली, तेव्हा ताडून पाहायला ती माझ्याकडंच दिली होती. पाड्यासमोर शून्य. माझ्या कागदावरही शून्य. ती पेन्सिलीची ओळ बोटाखालीच होती. 'बरोबर' लिहून मी सही केली.