मापाच्या वहीतली लाल फुली

३ फेब्रुवारी, मंगळवार

सात ते सव्वाआठ — कपडे घालणे. एकूण कपडे, तीन.

पहिला टॉप: बगलेतली शिवण तापलेल्या तारेसारखी. काढला. दुसरा: मानेमागचं लेबल टोचतंय. हे लेबल मी मागच्या आठवड्यातच उसवून कचऱ्यात टाकलंय. तरी टोचतंय! तिसरा म्हणजे ह्यांचा जुना निळा शर्ट, कॉलर विरलेली. तो चालला. हे दारात उभे. "अगं, मग मी काय घालू?" म्हटलं, माझे दोन टॉप मोकळे आहेत, बघा होतात का.

तीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय आणि स्वतःच्या अंगावर एक धड टिकत नाही. कुणाला सांगितलं तर हसतील. मीच हसले असते. म्हणून फक्त इथे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी जानेवारीत सांगितलं ते लिहून ठेवायचं राहिलं होतं. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. घरात म्हणायला एमएस. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या तंतूंवर एक वेष्टन असतं, ते माझं जागोजागी विरलंय. "विरलंय" हा शब्द त्यांचाच, माझा धंदा ठाऊक नसताना. मी विचारलं, रफू होत नाही का? हसल्या नाहीत. म्हणाल्या, रफू नाही, पण आणखी विरू नये म्हणून औषध आहे.

म्हणजे कातडी ठीक, कापड ठीक. मधला निरोप्या खोटं बोलतो.

घरात आणखी कुणाला आहे का, असंही विचारलं होतं. मी म्हटलं, छे! आमच्याकडे सगळे ठणठणीत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मोजे. नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

शर्ट उलटा घालून दुकानात गेले. शिवणी बाहेर, अंगाला नुसतं सपाट कापड. काजवाली अकरा वर्षं माझ्याकडे काज-बटणं करतेय, तिच्या नजरेतून सुई सुटत नाही तर शर्ट काय सुटणार.

"बाई, शर्ट उलटा."

"माहीत आहे."

"गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"म्हणेल, आतली शिवण काय सफाईदार आहे."

खरं तर हा शर्ट तयार घेतलेला. शिवण भिकार आहे. पण तिला एवढंच सांगितलं की अंगावर पुरळ आलंय. पुरळ लोकांना समजतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

मान खाली घातली की मानेपासून टाचेपर्यंत करंट जातो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मान फार वाकवू नका. शिंपिणीला! म्हणून आता मशीनखाली चार विटा आणि मी आहे तिथेच. काजवाली म्हणाली, दुकान वर चाललंय.

डाव्या हाताच्या दोन बोटांना टाचणी कळत नाही. आज रक्ताचा ठिपका कापडावर दिसला तेव्हा कळलं. जी टाचणी आहे ती कळत नाही, आणि जे लेबल नाही ते टोचतं. असा कारभार आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कापडांची चाचणी. धंद्याचा काहीतरी उपयोग व्हावा.

नवं पॉपलिन म्हणजे घासकागद. तेच दोनेकशे वेळा धुतलेलं असेल तर लोणी. मलमलीवर मोठी आशा होती, पण ती वाऱ्याने हलते आणि हललेलं प्रत्येक वेळी कळतं. पंखा बंद करून बसले तर उकाड्याने आग वाढते. घट्ट होजिअरी मात्र चालली! एकदा बसली की हलत नाही, निरोप्यालाही कंटाळा येत असावा. पण दुपारी दोननंतर तीच नको. इलास्टिकचं नाव काढायचं नाही.

संध्याकाळी छातीखाली पट्टा आवळल्यासारखं झालं, पाऊण तास. इंग्रजीत याला मिठी म्हणतात म्हणे. ज्याने हे नाव ठेवलं त्याला कुणी कधी मिठी मारली नसावी.

१५ फेब्रुवारी, रविवार

ह्यांनी मला मदत म्हणून कपाटातल्या सगळ्या कपड्यांची लेबलं कापली. माझ्या, स्वतःच्या, टॉवेलांच्या, एका छत्रीच्याही. स्वतःच्या एकुलत्या एका चांगल्या शर्टाला कॉलरखाली भोक पाडलं. मग ते भोक घेऊन माझ्यापुढे उभे. "हे होईल ना रफू?"

हे होईल म्हटलं. खूप दिवसांनी पोटभर हसले. मग जरा रडलेही, पण ते थोडंच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक झालं.

बँकेतली बाई आली, उंच, गडबडीतली. नवा कोट तिसऱ्यांदा परत. "मास्तरीणबाई, डावा खांदा टोचतोच आहे हो." मी उलटसुलट पाहिलं. खांद्यात काहीही नाही. हात सवयीने लाल पेनाकडे गेला.

मी ज्या मास्तरांकडे शिकले त्यांची ही पद्धत. किरकिऱ्या गिऱ्हाइकाच्या नावापुढे मापाच्या वहीत लाल फुली. फुली म्हणजे ऐकून घ्यायचं, मान डोलवायची, मनावर घ्यायचं नाही. कपडा आठवडाभर खुंटीला टांगून तसाच परत द्यायचा. दहातले नऊ म्हणतात, आता कसं छान झालं! तीस वर्षं चाललंय.

पेन खाली ठेवलं. खांदा उसवला. आतल्या कडक अस्तराचं एक टोक दुमडून वर आलं होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. बाई खरं बोलत होती. वहीत अशा किती फुल्या आहेत माझ्या?

आणि सगळ्यात जास्त कुणापुढे, तेही मला माहीत आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ताई. माझी थोरली बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी.

लग्नापासून तिचे कपडे मीच शिवायची. मग कधीतरी तिचं सुरू झालं. हे घासतं, ते रुततं, बाही काप, अस्तर काढ. लग्नकार्यात अर्ध्यातून उठून जायची, ढगळ गाऊन घालून यायची. घरात सगळे म्हणायचे, हिचे नखरे. सगळ्यात मोठ्याने मी म्हणायचे. नऊ वर्षांपूर्वी ती दुकानात आली होती, कापडी पिशवी छातीशी धरून. दुकानात चार बायका होत्या. मी म्हटलं, या, आज काय टोचतंय? ती काहीतरी बोलायला लागली तर मीच पुढे म्हणाले, "ताई, तू कातडीलाच अस्तर लावून घे गं, ब्लाउजला काय बडवतेस!"

चारही बायका हसल्या. काजवाली तेव्हा तशी नवीच, दोन वर्षं झालेली, तीही हसली. ताईसुद्धा जरा हसली. मग म्हणाली, अर्धा इंच सैल कर.

त्यानंतर तिने माझ्याकडे कधी काही शिवलं नाही. तयार कपडे बरे पडतात म्हणाली. भाऊजी गेल्यावर दुसऱ्या शहरात लेकीकडे राहायला गेली. आता वाढदिवसाला फोन, कुणी गेलं तर फोन.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

माळ्यावरून जुन्या मापाच्या वह्या काढल्या. हे शिडी धरून उभे.

ताईची पानं मिळाली. अकरा वेळा दुरुस्ती, अकरा फुल्या. एकेक वाचली. डाव्या बगलेतलं अस्तर काढणे. डावी बाही सैल. डावीकडे छातीखाली सैल. डावा खांदा. पुन्हा डावी बगल. उजवीकडे एकदाही काही नाही. नखरे करणारी बाई दोन्हीकडे करील ना! शेवटची नोंद १९ जुलै: डावी बाजू अर्धा इंच सैल. खाली माझी फुली, चांगली ठसठशीत.

लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती जास्त.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंकडे. वही घेऊनच गेले. त्यांनी चष्मा वर करून पानं वाचली. म्हणाल्या, मापाच्या वहीवरून मी निदान करत नाही. भावंडांना होण्याची शक्यता थोडी जास्त असते, थोडीच. पण त्यांना तपासून घ्यायला सांगा. लवकर कळलं तर औषधाचा उपयोग जास्त.

म्हणजे मी जर नऊ वर्षांपूर्वी नीट ऐकलं असतं — पुढचं वाक्य मी पूर्ण करत नाही.

"आज फोन करा," असं म्हणाल्या. मी हो म्हटलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

फोन केला. हवेबद्दल बोललो. तिच्याकडे गारठा आहे.

२८ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा फोन. "काही काम होतं का गं?" ताईने विचारलं. म्हटलं, नाही, सहजच. गुडघे कसे आहेत? गुडघे बरे आहेत. माझे? माझेही बरे आहेत. चारही गुडघ्यांची चौकशी झाली आणि ठेवला.

हे म्हणाले, "मी सांगू का?" नको म्हटलं. बोलले मी होते, तर सांगायचंही मीच. आधी माफी मागायची की आधी आजार सांगायचा, एवढंच ठरत नाही. आजार आधी सांगितला तर माफी मागतेय ती स्वतःला झालं म्हणून, असं वाटेल. आणि ते खरंच आहे.

३ मार्च, मंगळवार

उजव्या पायावर पाणी ओघळतंय असं सकाळपासून. पाच वेळा पुसलं. कोरडा.

७ मार्च, शनिवार

बोलता येत नाही, तर जे येतं ते करायला घेतलं.

कपाटातली जुनी पांढरी चादर काढली, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. ताईचं नऊ वर्षांपूर्वीचं माप, त्यात चार इंच जास्त. कापड डावीकडे घडीवर ठेवून कापलं, म्हणजे डाव्या बाजूला शिवणच येणार नाही. बाजूची शिवण एकच, उजवीकडे. खांद्यांच्या शिवणी बाहेरून, वर पट्टी बसवून. गळ्याला लेबल नाही, बटण नाही, इलास्टिक तर नाहीच. कुणी धड दर्जी पाहील तर म्हणेल, शिकाऊ माणसाने दारू पिऊन शिवलाय.

काजवालीला हाताने तुरपाई करायला दिली. टॉप दोन्हीकडून फिरवून म्हणाली, "हा कुणाचा?" ताईचा म्हटलं. ती तुरपाई करत राहिली. दोरा तोडून म्हणाली, "तेव्हा मीपण हसले होते, बाई."

मग तिला पुरळ नाही, खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, विटा चार आल्या तेव्हाच वाटलं होतं. आणि उठून इस्त्री स्वतःच्या टेबलाकडे ओढून घेतली. मला इस्त्रीची धग सोसत नाही, हे मी तिला कधीच बोलले नव्हते.

९ मार्च, सोमवार

टॉप कुरियरने पाठवला. सोबत चिठ्ठी लिहायला बसले. पाच चिठ्ठ्या फाडल्या. शेवटी नुसताच टॉप गेला. हे म्हणाले, "अगं, बाईला कळणार कसं?" खरंच, कळणार कसं. वेडीच आहे मी!

१३ मार्च, शुक्रवार

पोचल्याचा मेसेज कुरियरवाल्याचा. ताईचा नाही.

१६ मार्च, सोमवार

नाही.

१९ मार्च, गुरुवार

नाही. औषधाने दिवसभर गुंगी. या वर्षीच्या वहीत शेवटच्या पानावर स्वतःचं नाव, माप आणि पुढे लाल फुली. मग वाटलं, फुलीचा अर्थच बदलून टाकावा. लाल फुली म्हणजे आधी उसवून बघायचं. काजवालीला सांगितलं. ती म्हणाली, मग फुल्या सगळ्यांनाच लागतील.

रविवारी जाऊन तोंडावर सांगायचं ठरवलंय. गाडीत बसून चार तास, ह्यांच्या शर्टात. वाक्य पाठ केलंय — "ताई, मी चुकले, आणि तू आधी डॉक्टरांकडे चल."

२२ मार्च, रविवार

आम्ही निघायच्या आत ताईच आली. न कळवता. अंगात मी पाठवलेला टॉप. दारातच म्हणाली, "डाव्या बाजूला शिवणच नाही. हे ज्याला होतं त्यालाच सुचतं. तुला कधीपासून, छोटे?"

पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं कळलं नाही. तिने पिशवीतून एक फाइल काढून टेबलावर ठेवली, कोपरे झिजून गोल झालेली. पहिल्याच कागदावर माझ्या आजाराचं नाव. तारीख नऊ वर्षांपूर्वीची, १८ जुलै.

१९ ला ती दुकानात आली होती.

"तेव्हा ही पिशवीतच होती," ताई म्हणाली. "सगळ्यांत आधी तुलाच सांगणार होते. पण तुम्ही सगळ्या हसत होतात. मग म्हटलं, जाऊ दे, अर्धा इंच सैल कर."