चूक चिठ्ठीतच होती

दि. ९ मार्च, सोमवार
जेवणाच्या सुट्टीत

ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. भावोजींना नमस्कार, छोटीला पापा. तुझी तिन्ही पत्रं पोचली. उत्तर दोनदा लिहून फाडलं म्हणून उशीर झाला. तिन्ही पत्रांत तू एकच विचारलंस, गोळ्या चालू आहेत ना? त्याचं खाली लिहितो.

आधी कामाचं. मालकांनी आता मला मोठ्या पितळी पाट्या कोरायला दिल्या आहेत. वकिलांच्या, दवाखान्यांच्या. परवा गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "पोरगा आठवी नापास, पण ह्याचं ऱ्हस्वदीर्घ बघून पदवीवाल्यांनी लाजावं." नापास नाही, पेपर दिलाच नाही, असं मी दर वेळी सांगतो. तुला आठवत असेल. पहिलाच प्रश्न पाचव्यांदा तपासत होतो आणि बाईंनी हातातून पेपर ओढला. वर्ग हसला, मी उठून आलो ते आलोच. शुद्धलेखन त्यानंतर तू घरी शिकवलंस. मालकांना तेही सांगितलं.

गोळ्यांचं लिहितो. पण आधी ध्यानाच्या वर्गाचं लिहायला हवं, नाहीतर तुला कळणार नाही.

तू पत्ता दिलास त्या बाईंकडे मी ऑक्टोबरपासून जातो. शिंप्याच्या दुकानावरची खोली, नऊ खुर्च्या, एक खडखडणारा पंखा. बाई पूर्वी नर्स होत्या. त्या म्हणतात, भीती येते ती तुला दिसते ना? मग दिसणं आधी, भीती नंतर. आणि नीट बघितलंस तर पाहणारा एकीकडे आणि भीती दुसरीकडे, असे दोन तुकडेही सापडत नाहीत. इतरांना हे डोक्यावरून गेलं. मला पितळेमुळे कळलं. अक्षर पाटीवर चिकटवलेलं नसतं, ते पितळच असतं, फक्त खोल गेलेलं. मी हे बोललो तर बाईंनी सगळ्यांना ऐकवण्यासाठी पुन्हा बोलायला लावलं. तुला सांगतो, शाळेत असं कधी झालं नव्हतं.

आणि खरंच बरं वाटत होतं. छातीत धडधडायचं, पण मी त्याच्या मागे धावत नव्हतो. धडधड आहे, पंखा आहे, शिंप्याचं मशीन आहे, सगळं एकाच ठिकाणी. कारखान्याचं कुलूप आठ वेळा ओढून बघायचो, ते दोनवर आलं होतं.

मग मी ते बिघडवलं. मला कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय नीट झाली असं वाटतच नाही. वही केली. दिवसातून किती वेळा भान राहिलं, किती वेळा सुटलं, का सुटलं. रकाने आखून. बाईंनी ती वही चाळली आणि म्हणाल्या, "अरे, तुला साक्षीदार हो म्हटलं होतं. तू तर फिर्याद लिहून आणलीस!" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन वही जास्त बारीक रकान्यांची केली.

मला ह्याचाच संताप येतो. लोक डोळे मिटून पाच मिनिटांत निवांत होतात. मी डोळे मिटले की आत एक मुकादम उठतो आणि विचारतो, झालास का निवांत? त्या मुकादमालाही बघ, म्हणतात बाई. बघतो. मग बघणाऱ्यावर दुसरा मुकादम.

आता पाटी. बाईंना खोलीच्या दारावर एक ओळ हवी होती. "पाहणारा वेगळा नाही." त्यांनी तोंडी सांगितली, मी चिठ्ठीवर उतरवून घेतली. पाटी मी मजुरी न घेता करणार होतो, म्हणून जास्त जपून केली. आमच्याकडे पाटी उलटी वाचून तपासतात, शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे. अर्थ दिसला की डोळा फसतो. तशी भिंगातून तीनदा वाचली, चिठ्ठीशी ताडली. तिन्ही वेळा बरोबर.

वर्गात सगळ्यांसमोर पाटीभोवतीचा कागद सोडला. पितळेवर लिहिलं होतं, "पाहणारा वेडा नाही."

चूक चिठ्ठीतच होती, ताई. आणि चिठ्ठी माझ्या हातची.

कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई हसल्या नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी मला बसवलं आणि विचारलं, "गोळ्या कधी बंद केल्यास?"

जानेवारीत. लिहिलं एकदाचं. दहा जानेवारीला. तुला तेव्हा "चालू आहेत" असं लिहिलं होतं. मला वाटलं, आतला पाहणारा आजारी पडतच नाही, तर गोळी कोणासाठी? शिवाय गोळीने कोरताना हात जड वाटायचा. डॉक्टरांना विचारलं नाही. पहिले दहा दिवस फुशारकीत गेले. मग झोप गेली. कुलूप अकरावर गेलं. दोन दिवस मी कामावर पोचलोच नाही, निम्म्या रस्त्यातून परत येऊन घराचं दार बघत राहिलो.

हे ऐकल्यावर बाई इतक्या चिडल्या की त्यांचा आवाज खाली शिंप्यापर्यंत गेला असेल. "काहीच वेगळं नाही म्हणतोस, आणि गोळी तेवढी वेगळी? तिलाच दार बंद? भान शिकवते मी, डॉक्टरकी नाही. उद्या नऊला तयार राहा."

गेलो. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, हाताचं ऐकून घेतलं. आज अकरावा दिवस. घेतो. वर्गालाही जातो. वही बाईंनी काढून घेतली, ह्याचा मला अजून राग आहे. नवी पाटी करतो म्हटलं तर नको म्हणाल्या. तीच लावली आहे दारावर. येणारा प्रत्येक जण वाचून हसतो, आणि मला तिच्याखालून आत जावं लागतं.

तू लिहिलं होतंस की माझं अक्षर फार सुबक आलं की तुला काळजी वाटते. आजचं कसं आलंय ते तूच बघ. हे पत्र मी तपासलेलं नाही, हात शिवशिवतोय तरी. पहिल्या ओळीत "सगळं ठीक आहे" असं सवयीने लिहून गेलोय. मी खोडायला घेतलं तर अख्खं पत्र पुन्हा लिहीन. तेवढं तू खोड.

तुझा
तपासनीस