आधी मशीनवाली

दि. ९ नोव्हेंबर

चि. ढब्बूस ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. तुमच्याकडे सगळे बरे असतील असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. तुझे भावजी म्हणाले, "अक्षर ओळखून ती फाडून टाकेल." मी म्हटलं, शिव्या द्यायला तरी वाचेल.

शेवटच्या फोनवर तू म्हणालीस, "ताई, परत मशीनचं नाव काढलंस तर फोन ठेवीन." मी काढलं, तू ठेवलास. ठेवलास तो ठेवलासच. लहानपणीही रुसून पलंगाखाली बसायचीस आणि जेवणाची हाक आली तरी बाहेर यायची नाहीस. तेव्हा आधीच सांगते, या पत्रात तुला तपासणीला जा म्हणणार नाही. नुसती इकडची खबरबात.

तुझे भावजी निवृत्त झाल्यापासून घरभर स्क्रू पिळत फिरतात. परवा स्वयंपाकघरात फळी लावली. ती अशी तिरकी, की डबे आपोआप एका कडेला जमा होतात. बोललं तर म्हणतात, फळी सरळ आहे, घर तिरकं आहे. माझा गुडघा जिन्यावर कुरकुरतो. बाकी चाललंय.

माझं तपासणीच्या गाडीचं काम म्हणशील तर बायकांना समजवायला सध्या एका लाँड्रीत जाते. कोपऱ्यावरची नव्हे, हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारा मोठा कारखाना आहे. आत वाफ इतकी की समोरच्या बाईचं फक्त तोंड दिसतं. बायका दिवसभर उभ्या असतात. ओल्या चादरी ओढून ओढून सगळ्यांचे खांदे गेलेत, त्यामुळे छातीत दुखलं तरी म्हणतात, चादरीनं दुखतंय. सुट्टी घेतली की रोज बुडतो. दवाखाना म्हणजे त्यांच्या लेखी मरायला टेकल्यावर जायची जागा. म्हणून आम्ही छातीच्या तपासणीची गाडीच त्यांच्या दाराशी नेणार आहोत.

तिथली मुकादमीण म्हणजे एक वल्ली आहे. तिच्या मर्जीशिवाय तिथं झुरळ हलत नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "तुमचं मशीन छाती दाबतं ना? दाबून दाबूनच गाठ होते म्हणे." मी म्हटलं, "अहो बाई, दाबून गाठी झाल्या असत्या तर तुमच्या चादरी गाठींनी भरल्या असत्या." सगळ्या हसल्या. तीही हसली. पण बाई पक्की आहे. म्हणाली, "ते असू दे. आधी तुम्ही आत जा. आमच्या डोळ्यांसमोर धडधाकट बाहेर आलात, की मग आम्ही."

हे मला नवं नाही. आमची पद्धतच ती. गाडी कुठेही उभी राहिली की बायका ओरडतात, "आधी मशीनवाली!" मी सगळ्यांच्या आधी आत जाते, थोड्या वेळानं हसत बाहेर येते आणि गाडीच्या पायरीवर उभी राहून चहा पिते. चहा संपेपर्यंत मला काही झालं नाही की एकेक जण पुढे येते. आमचा सगळा कारभार त्या पायरीवरच्या चहावर चालतो म्हण ना.

गाडीवर फोटो काढायला नवीन बाई आलीय. वयानं लहान आहे, पण चुणचुणीत. निरोगी छातीचा फोटो कसा दिसतो ते बायकांना दाखवायला तिला भिंतीवर एक नमुना हवा होता. म्हणून तिनं परवा माझा फोटो काढला.

एक सहज विचारते. आपली आजी, आईची आई, कशानं गेली हे आई तुझ्याजवळ कधी बोलली होती का? "छातीला लागलं होतं" एवढंच माझ्या कानावर आहे. आणि मोठी मावशी? आई शेवटी तुझ्याकडे होती, म्हणून विचारते. आठवलं तर कळव. नाही आठवलं तरी कळव.

तुझी,
ताई


दि. २४ नोव्हेंबर

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठीच. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही. "आजीच्या छातीला जखम होती. कपड्यांतून वास यायचा, म्हणून ती कुणाजवळ बसायची नाही, असं आई सांगायची. मावशीचं माहीत नाही. का विचारतेस?"

का विचारते ते सांगते. तो माझा फोटो भिंतीवर लावला नाही. त्यात उजव्या बाजूला पांढरा डाग होता. नंतर मोठ्या दवाखान्यात सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे. लिहून टाकलं बाई एकदाचं.

तुला वाटेल मी रडले असेन. नाही रडले. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या आणि मी त्यांच्या टेबलावरची पेनं बघत होते. एकाला टोपण नव्हतं. ते वाळून जाईल, असं मनात आलं. येताना भांडी घासायचा साबण घेतला, संपला होता म्हणून. तुझ्या भावजींना सांगितलं. ते उठले आणि त्या फळीचे स्क्रू काढून पुन्हा लावायला लागले. मी त्यांना एकेक स्क्रू हातात देत होते. फळी परत तिरकीच लागली. दात काढताना सुई देतात ना, तसं चाललंय. ओढलेलं कळतं, दुखत काही नाही.

आता तू विचारशील, ऊठसूट सगळ्यांच्या आधी आत जाणारी तू, तुला इतक्या उशिरा कसं कळलं?

ऐक. गाडी सुरू झाली त्या पहिल्या दिवशी मी आत गेले, तर मशीन चालूच होईना. बाहेर बायका ताटकळलेल्या. तेव्हाच्या फोटोवाल्या बाई म्हणाल्या, "बसा जरा, पाणी प्या. तुमचं नंतर करू." मी पाणी प्यायले आणि हसत बाहेर आले. पुढच्या वेळी रांग मोठी होती. त्याच्या पुढच्या वेळी मीच म्हटलं, राहू द्या, बायकांचा वेळ जातोय. मग तशीच वहिवाट पडली. आत जायचं, बाकावर बसायचं, पाणी प्यायचं, बाहेर यायचं. त्या बाईंना वाटलं, हिचा फोटो दवाखान्यात झाला असेल. नव्या बाईला वाटलं, जुन्या बाईंनी काढला असेल. आणि मला? इतक्या वेळा आत जाऊन आले, की माझी तपासणी झालीच आहे असं मलाही वाटायला लागलं होतं. ढब्बे, आपण खोटं बोलतोय असं मला कधी वाटलंच नाही बघ. नमुन्यासाठी नव्या बाईनं माझे जुने फोटो शोधले आणि एकही सापडला नाही, तेव्हा ती हसून म्हणाली, "अय्या, मग चला, आत्ताच काढू."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तू म्हणायच्या आधी मीच म्हणून घेते.

तर मी आमच्या मॅडमना सांगितलं, ही गाडी त्यांच्याच संस्थेची. त्या बाई चांगल्या आहेत. माझा हात धरला, खुर्ची दिली. मग म्हणाल्या, "लाँड्रीचं होईपर्यंत कुठं बोलू नका. बायकांना कळलं तर म्हणतील, मशीननंच केलं. एक बाई वर चढायची नाही." त्यांचं काही चुकत नव्हतं. मी बरं म्हटलं. मला तेव्हा कुणी काहीही सांगितलं असतं तरी मी बरंच म्हटलं असतं.

काल गाडी लाँड्रीच्या आवारात उभी राहिली. बायका रांगेत आल्या. सगळ्यांचे हात पाण्यानं पांढरे पडलेले. ओरडा झाला, "आधी मशीनवाली!" मी आत गेले आणि बाकावर बसले. फोटोवाल्या बाईनं पाणी दिलं, पण माझ्याकडे बघेना. हळूच म्हणाली, "बाहेर जाऊन काय सांगणार?" मी म्हटलं, "काय सांगायचंय? चहा पिणार."

बाहेर आले. पायरीवर उभी राहिले, कप हातात घेतला. सगळीकडच्या बायका विचारतात तसंच मुकादमिणीनं विचारलं, "काय, निघालं का काही?" याचं उत्तर ठरलेलं आहे. "म्हातारपण निघालं!" म्हणायचं, त्यावर बायका हसतात. तेच म्हणायला मी तोंड उघडलं. तिच्या मागे इस्त्रीवर काम करणारी एक वाळकी बाई उभी होती. एक हात काखेत दाबून धरलेला. ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती, की मी जे म्हणेन तेच तिचंही निघणार आहे.

मी म्हटलं, "निघालं. कॅन्सर निघालाय मला."

मला काही धैर्यबिर्य आलं नव्हतं. ते ठरलेलं वाक्य काही बाहेरच येईना, एवढंच झालं.

आतून धुलाईच्या यंत्रांचा आवाज तेवढा येत होता. मग मुकादमीण म्हणाली, "बघा! मी काय म्हणत होते? बसली त्या मशीनमध्ये सारखी सारखी, घ्या आता!" रांग मागे सरकली. पार शेवटच्या बायका तर कारखान्यात परतसुद्धा गेल्या. मॅडमनी कपाळाला हात लावला.

आता मशीनवरचा आळ काढायचा तर एकच रस्ता होता. मी म्हटलं, "मशीननं नाही केलं. मी मशीनवर कधी बसलेच नव्हते. आत जाऊन पाणी पीत होते."

मुकादमीण माझ्याकडे बघत राहिली. आजवर तिनं मला अहोजाहो केलं होतं. "म्हणजे आम्हाला बनवत होतीस?"

"हो."

"आणि बसली असतीस तर?"

"तर लवकर कळलं असतं. लहान असताना."

ती पुढे आली, पायरीवर माझ्याशेजारी चढली आणि मला कोपरानं बाजूला केलं. "तू उतर खाली. आता आधी मी जाते. आणि ए, तू ये माझ्याबरोबर," हे त्या इस्त्रीवालीला, "खरंच काढतात का नुसतं पाणी पाजतात, ते डोळ्यांनी बघ." दोघी आत गेल्या. आम्ही बाहेर उभ्या. थोड्या वेळानं मुकादमीण छाती धरून बाहेर आली आणि मोठ्यांदा म्हणाली, "दुखतं की मेलं! चांगलं दुखतं!" आणि बायका हसायला लागल्या. इतकी वर्षं मी बायकांना कधी सांगितलं नव्हतं की दुखतं. मला माहीतच नव्हतं ना. मलाही आत्ता आत्ता कळलं.

इस्त्रीवाली आतच राहिली. तिचा फोटो काढत होते. तिच्यामागून काही जणी गेल्या, सगळ्या नाही. निम्म्या तरी परत चादरींकडे गेल्या आणि जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांच्यातल्या कुणाला काही असेल तर ते आता माझ्या डोक्यावर. मुकादमिणीनं माझ्या हातातला गार झालेला चहा ओतून टाकला आणि म्हणाली, "घरी जा." रागानं की कसं, मला कळलं नाही. मी घरी आले.

आता तुझं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सख्खी बहीण आहे का?" मी म्हटलं, "आहे, पण बोलत नाही." त्या म्हणाल्या, "बोलायची गरज नाही. तपासायची आहे." आजीचं मी त्यांना कळवलं, तर त्यांनी पुन्हा तेच विचारलं. बहिणीचं काय झालं?

मागच्या पत्रात दिलेला शब्द मोडतेय. मोडू दे. मला माझ्यासाठी काहीच वाटत नाहीये, हे खरं सांगते. ऑपरेशन ठरलं, तरी कॅलेंडरवर गॅस सिलिंडरचा दिवस लिहावा तसा लिहून ठेवला. पण तुझी चिठ्ठी वाचली आणि "का विचारतेस" या शब्दांवर आले, तेव्हा ती उलटी करून डब्याखाली दाबून ठेवली. परत उचलवेना. आजीनं आईला जवळ बसू दिलं नाही, आईनं आपल्याला सांगितलं नाही, आणि मी सगळ्या गावाला सांगितलं पण तुला नीट सांगू शकले नाही. मला तुझी भीती वाटते गं. फार वाटते.

ऑपरेशन डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी आहे. तू येऊ नकोस. बाहेर बसायला तुझे भावजी आहेत, स्क्रू नसले तरी बसतील. त्या सकाळी तू तुमच्या तिथल्या दवाखान्यात जा. इकडे मी टेबलावर असेन, तिकडे तू मशीनपुढे बस. शुद्धीवर आल्यावर मी छातीला हात लावून बघणार नाही, काय उरलंय आणि काय गेलंय ते. आधी यांना विचारणार आहे, ढब्बूचा फोन आला का.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. यांना सांग आणि ठेव.

दुखेल. घट्ट दाबतात, डोळ्यांत पाणी येतं, मग सोडतात.

मशीनवर खरोखर बसून आलेली,
तुझी ताई