वाकलेली चौकट

नेवासा, ४ फेब्रुवारी २०२५

चि. प्रज्ञा हिस,

आत्याचा सप्रेम जयभीम. वि. वि. फोन न करता पत्र लिहिते, कारण मी फोन उचलला की तुझे बाबा कान लावून बसतात आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

राहुरीच्या मंडळींचा होकार आलाय. मुलगा सम्राट, ॲल्युमिनियमची दारं-खिडक्या बनवतो. तेवीस तारखेला बघायला येतील. पण मला यात काहीतरी काळंबेरं वाटतंय. नुसता फोटो पाहून दोन दिवसांत हो? मागणं काही नाही, अटी नाहीत. आधीचं कुठे मोडलंय का, पितो का, सगळं खोदून काढते.

तोवर त्याच्याशी बोलू नकोस. रात्रीचा भात बंद कर, आणि कंपनीच्या कॅन्टीनमधल्या वड्याकडे बघूसुद्धा नकोस. तुझी आई गेल्यापासून तुझा घोर मलाच आहे.

तुझी,
मुक्ता आत्या

नागापूर, ८ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सविनय जयभीम. पत्र मिळालं. पण माझा संशय राहुरीवर नाही, नेवाशावर आहे. मी बोलू नये असं तुला का वाटतं?

बायोडाटावर माझा नंबर होता. सम्राटचा काल फोन आला. आधी ऊन किती वाढलंय ते सांगितलं, मग चाचरत विचारलं, की फोटोत तुमच्या मागे दिसणारी घराची चौकट वाकडी आहे का. त्याचा धंदाच तो, नजर आधी तिथेच जाते म्हणाला. मी हसले. बाबांनी ओळंबा लावून बसवलेली चौकट वाकडी कशी असेल? मग त्याने तो फोटो मला पाठवला.

फोटोत चौकट खरंच वाकली आहे, बरोबर माझी कंबर आत ओढलीय तिथे. माझे दंड अर्धे झालेत, रंग दुसऱ्याच कुणाचा आहे, हनुवटीवरचा तीळ गायब. आत्या, हे कुणी केलं? खरं सांग.

प्रज्ञा

नेवासा, १२ फेब्रुवारी

चि. प्रज्ञा हिस,

सप्रेम जयभीम. मीच केलं. स्टुडिओवाल्याला म्हटलं, पोरगी जरा बारीक कर, उजळ कर. तीळ त्याने आपल्या मनाने काढला.

रागावू नकोस. मला सात जणांनी बघितलं होतं. एकाच्या बहिणीने मला ओसरीवर दोनदा चालायला लावलं आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, की लई जाड हाय. घरात सगळ्यांनी ऐकलं. आठवे आले तेव्हा मी पोहे घेऊन बाहेरच गेले नाही. तुझ्या वाट्याला ते येऊ नये, एवढंच मनात होतं.

पण मला सांग, चौकट वाकलेली दिसूनही तो नाही का म्हणत नाही? नक्कीच त्याच्यात काही खोट असणार.

तुझी,
मुक्ता आत्या

नागापूर, १६ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सविनय जयभीम. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रडले. त्या बाईचं नाव सांगितलं असतंस, तर मी आज तिच्या दारात जाऊन भांडले असते.

सम्राटला मी खरा फोटो पाठवला, शिवाय निळ्या युनिफॉर्ममधला, मशीनजवळचा. तेवीसला येतो म्हणाला. त्याचं काय ठरेल ठाऊक नाही. माझंही अजून ठरलेलं नाही, मीही त्याला बघणारच आहे. नकार आला तर एक दिवस रडेन आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जाईन.

पण तू सगळ्या जगावर संशय घेतेस, तो खरा माझ्यावर आहे. मी आहे अशी कुणाला आवडेन, हेच तुला पटत नाही. त्या मंडळींनी मला जाड म्हटलं असतं तर लागलं असतं. तू न बोलता मला कापून घेतलंस, ते जास्त लागलं. आई गेली तेव्हा मी सहा महिने तुझ्याच दंडावर डोकं ठेवून झोपले. मला तो दंड कधी जाड दिसला नाही.

तेवीसला पोहे दोघी मिळून बाहेर नेऊ. तू स्वयंपाकघरात थांबायचं नाहीस.

लोभ आहे तसा असू दे, आणि मलाही आहे तशी असू दे.

तुझीच,
प्रज्ञा