पोरीचे उद्योग

५ फेब्रुवारी १९९४, शनिवार
धुळे

कर्र — र्र — टक! कर्र — र्र — टक!

पहाटे झोपेत जीवराम तेल्याची घाणी ऐकू आली. लहानपणी पाचोऱ्याला आमच्या शाळेला लागूनच होती. मध्ये नुसती कुडाची भिंत. गुरुजींनी कविता सुरू केली की सगळा वर्ग घाणीच्या ठेक्यावर म्हणायचा. बैल दमला की कवितासुद्धा संथ व्हायची! घाणी गेली, बैल गेला, गुरुजी तर कधीच गेले. चाल तेवढी राहिली. बायको, नर्मदा, म्हणायची, "झोपेत तरी शाळा सुटू द्या की हो." आता असं म्हणायलाही घरात कोणी नाही.

आज नववीवर माझा तास झाला. निवृत्तीनंतर एवढा एकच ठेवलाय — शनिवारचा, कवितेचा, बिनपगारी. बोरखेड्याच्या मंजुळाने विचारलं, "नाना, कवितेतली नदी नेहमी भरलेलीच का असते? आपली पांझरा तर कोरडी."

उत्तर सुचलं नाही. फार बरं वाटलं!

८ फेब्रुवारी

मुख्याध्यापिका सुमनबाईंनी बोलावलं. माझीच विद्यार्थिनी. पूर्वी वर्गात माझ्यासमोर उभी राहायची, आता मी तिच्या टेबलासमोर बसतो.

"नाना, यंदा प्रत्येक विषयात उद्योजकता आणायची. भूगोलवाल्यांनी केळीची वाहतूक घेतलीय, विज्ञानवाल्यांनी साबण. मराठीत काय करता?"

"मराठीत मराठी."

"ते झालंच हो. पण पोरांनी विषयातून काहीतरी उभं करावं, विकून दाखवावं. मार्चमध्ये प्रदर्शन आहे."

"मग डझनाच्या भावाने अभंग विकू का?" — असं काहीतरी बोलून गेलो. हसली नाही.

"नाना, आपली मुलं दहावी होतात आणि पारावर बसतात. मुलींचं तर त्याआधीच उरकतात. तुमच्या कविता पाठ असलेल्या किती मुली पुढे शिकल्या?"

चहा गार झाला. शेवटी म्हणाली, "नसेल जमत तर तो तास मी लताबाईंना देते." हे मात्र खालच्या आवाजात म्हणाली.

१२ फेब्रुवारी

वर्गाला प्रदर्शनाचं सांगितलं. पोरांनी भराभर सुचवलं — लग्नपत्रिकांचा मजकूर, दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या घोषणा! हेच ऐकायला चाळीस उन्हाळे खडू झिजवला!

मंजुळा शेवटी उठली. "आमनी आजी बिबड्या करते." पोरं हसली — अहिराणीत 'आमनी' म्हणाली म्हणून. ती तशीच बोलत राहिली. आजीच्या बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पुडकी करायची, आणि प्रत्येक पुडक्यात दोन ओळींची एक चिठ्ठी घालायची. भाजायच्या आधी लोकांनी ती वाचायची.

"म्हणजे कविता पापडात गुंडाळायची?" मी खवचटपणे म्हणालो.

"नाही नाना. पापड कवितेत."

१९ फेब्रुवारी

मंजुळा पुडकी घेऊन आली. टोपलीभर. मी उघडून पाहिली नाहीत. कपाटात ठेव म्हटलं. अजून रागातच होतो ना!

२२ फेब्रुवारी

प्रदर्शनाची सूचना लिहून द्यायची होती. शाळेतलं शुद्ध मराठी अजून माझ्याकडेच येतं. मी 'उद्योजकता' लिहिलं. सुमनबाई म्हणाल्या, "नाना, खेड्यातल्या पालकांना कळेल असं लिहा." मग सोपं केलं —

'आपल्या पाल्याचे उद्योग पाहण्यासाठी शनिवारी, ५ मार्च रोजी शाळेत अवश्य यावे.'

किती सुटसुटीत वाक्य! स्वतःवरच खूश झालो. मुलांच्या हातीच घरी पाठवलं.

२६ फेब्रुवारी

मंजुळा आली नाही. वर्ग ओसाड वाटला.

१ मार्च

बोरखेड्याची दुसरी एक मुलगी भेटली. तिच्याकडून कळलं. लिहवत नाही, पण लिहितो.

मंजुळाने सूचना मोठ्या हौसेने बापाच्या हातात दिली. भटूला वाचता येत नाही. तो पिठाच्या गिरणीवर घेऊन गेला. तिथे नथ्थू नावाच्या कोणी मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "घ्या भटूभाऊ! पोरगीनं काहीतरी उद्योग करून ठेवलेत. शाळावाले पाहायला बोलवतात!" सगळी गिरणी हसली.

भटू घरी गेला. दप्तर चुलीत घातलं. पोरीला मारलं. शाळा बंद. चोपड्याकडचं एक स्थळ आधीपासून मागे लागलेलं होतं, त्यांना होकार पाठवला. चौदाचा हळदीचा दिवस ठरला.

उद्योग! पोर भिंतीवर चढली तरी आपण म्हणतो, 'हे काय उद्योग चाललेत?' मीच पोरांना रोज म्हणायचो. आणि तोच शब्द मी सोपा म्हणून लिहिला.

३ मार्च

एसटीने बोरखेड्याला गेलो. सुमनबाई येते म्हणाल्या होत्या, मीच नको म्हटलं. शब्द माझा होता.

भटू ओट्यावर होता. मला पाहून आत गेला. दारात त्याची आई उभी राहिली — भिकुबाई. हातभर बांगड्या, करडी नजर.

"काय मास्तर, आमनी पोरीना काय उद्योग देखात तुम्हीन?"

"आजी, तसं नाही. शब्दाचा घोटाळा झाला. उद्योग म्हणजे वाईट नाही. उद्योग म्हणजे — म्हणजे धंदा!"

तोंडातून सुटला आणि कळलं. गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला.

"पोरीना धंदा?" म्हातारी अगदी हळू म्हणाली. "चौदा वरीसनी पोर शे ती!"

मी 'व्यवसाय', 'व्यापार' असं काहीबाही बडबडत राहिलो. तिने लोटीतलं पाणी माझ्या पायावर फेकलं. "निंघा. बठ्ठा गाव हासाले लागना आमले. आते आनखी नको."

आतून कोणी रडत होतं की काय, कळलं नाही. चिवड्याच्या कागदासारखा चुरगळून स्टँडवर बसून राहिलो. आयुष्यभर शब्दांवर जगलो मी!

५ मार्च

प्रदर्शन. साबण, केळीचे वेफर, पत्रिका. गर्दी बरी होती. मराठीच्या टेबलावर मंजुळाची टोपली होती, मागे कोणी नव्हतं. मी उभा राहिलो. पहिल्यांदा एक पुडकं उघडलं.

'जवारी भिजनी, जवारी कुटायनी, तव्हय बिबडी व्हयनी गोल,
लेक जलमले उनी, तिनं कोन करस मोल?'

दुसरं उघडलं. तिसरं. प्रत्येकात वेगळी ओवी, आणि प्रत्येकीखाली बारीक अक्षरात — 'आजी दळताना म्हणते ते.'

पुस्तकातली नदी भरलेली का असते, ते तिला माझ्याआधी कळलं होतं. तिने आपली कोरडी नदीच लिहून आणली होती. मी मात्र टोपली कपाटात कोंबली.

सुमनबाई जवळ आल्या. वाचलं. चष्मा काढून पुसला. "नाना, भटूला पुन्हा भेटू या का? पोलिसांत जाऊ या?"

"थांबा," म्हटलं. "एकदा मला जाऊ द्या."

८ मार्च

बोरखेड्याला पुन्हा गेलो. भटूचं दार बंद होतं. आत जातं चाललं होतं. घर्र — घर्र. बहुतेक हळदीच्या जेवणाचंच दळण.

हाक मारली. जातं चालूच.

मग मी रस्त्यात उभा राहून टोपलीतून आणलेल्या चिठ्ठ्या वाचायला लागलो. मोठ्याने. जात्याच्या ठेक्यावर. अहिराणी जिभेला बसत नव्हती, तरी वाचलं. पोरंटोरं जमली. कोणी खिदळलं — "मास्तरले वारं लागनं!" लागू दे.

'लेक जलमले उनी' या ओळीला जातं थांबलं.

मी थांबलो नाही. टोपलीतल्या सगळ्या चिठ्ठ्या संपवल्या. दाराची कडी हलेल असं वाटलं. हलली नाही. थोड्या वेळाने जातं पुन्हा सुरू झालं.

शेवटची गाडी धरून आलो.

१० मार्च

ताप. सुमनबाईंनी पेज पाठवली. म्हणतात, पुढच्या वर्षी तास तुमचाच. काय करू त्या तासाचं?

१३ मार्च

उद्या हळद. सुमनबाई कोणा अधिकाऱ्याला भेटल्या. तो म्हणाला, "बघू." आज रविवार. बघू!

कवितेचं पुस्तक उघडलं. एकही ओळ वाचवेना.

१४ मार्च, सकाळ

दार वाजलं. दूधवाला असेल म्हणून भांडं घेऊनच गेलो.

भिकुबाई. डोक्यावर पदर, काखेत बोचकं, पायभर धूळ. रात्रीतून चालत आली असणार. तिच्यामागे मंजुळा.

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मास्तर, पोरीना उद्योग देखाले बलायं व्हतं ना तुम्हीन? ली उनू. देखा."

मंजुळाने हात पुढे केले. हळद नव्हती. ज्वारीचं पीठ होतं.